वेबचे काम शिकणाऱ्या मुलाला पहिले गिऱ्हाईक घरातच द्या

व्यापारी बांधवांच्या घरांतून अलीकडे एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. मुलगा बारावी झाला आहे, किंवा मुलगी बी.कॉम. होऊन घरी आहे. कॉम्प्युटरची आवड आहे. वेबसाइट बनविण्याचे काम शिकायचे म्हणते. तर कोणता क्लास लावावा आणि फी किती भरावी? आमचे उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटते. आम्ही सांगतो, क्लास लावू नका. निदान पहिले वर्षभर तरी लावू नका. ते पैसे एका जुन्या पण धड लॅपटॉपवर घाला, आणि मुलाला आपल्याच दुकानाचे एक काम नेमून द्या.

आधी काम कोणते ते नीट सांगितले पाहिजे. वेबसाइट म्हटले की आपल्याकडे दुकानाचे नाव, पत्ता, मालाचे चार फोटो आणि खाली फोन नंबर एवढेच डोळ्यांपुढे येते. ती पाटी झाली. आम्ही म्हणतो ते काम वेगळे आहे. गिऱ्हाइकाने पडद्यावर बोट ठेवले की पडद्याने उत्तर दिले पाहिजे. माप निवडले की भाव बदलावा, रंग निवडला की चित्र बदलावे, माल शिल्लक नसेल तर बटण आपोआप बंद व्हावे, पिनकोड चुकला तर तेथल्या तेथे सांगावे. गल्ल्यावर बसलेला जाणता माणूस गिऱ्हाइकाशी जसे बोलतो, तसे ते पान बोलले पाहिजे. या पडद्याला धंद्यातले लोक ‘युजर इंटरफेस’ म्हणतात, आणि तो बनविणाऱ्याला ‘फ्रंट-एंड’वाला.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. भाच्याला २०२२ साली शहरातल्या एका क्लासला घातले. बहिणीने त्यासाठी दोन बांगड्या मोडल्या. उरलेली फी हप्त्यांनी भरा म्हणाले. कागद वाचले तेव्हा कळले की हप्ते क्लासचे नाहीतच. ते एका फायनान्स कंपनीचे कर्ज आहे आणि त्यावर व्याज आहे. आमच्या वाचकांना त्याविषयी वेगळे सांगायला नको. ते कागद परत केले आणि बाकीची रक्कम घरातून उभी केली. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र आले, चौकटीत बसवून भिंतीवर लागले. मग आम्ही सहज म्हटले, “बेटा, मिरजेच्या चाचांच्या दुकानाकरिता तंबोऱ्याच्या ऑर्डरचे एक पान करून दे.” पंधरा दिवस मुलगा त्यावर बसला. शेवटी म्हणाला, “मामू, सर जे करून दाखवीत होते ते मला येते. हे त्यांनी दाखविले नव्हते.”

मुलाचा यात दोष नव्हता. उस्तादाने शागीर्दाला एकच वस्तू पन्नास वेळा दाखवावी आणि हातात हत्यार देऊच नये, असे ते शिक्षण होते. शिवाय सुरुवातच चुकीच्या टोकाने झाली होती. वेबच्या पानाचे तीन थर असतात. एचटीएमएल हा सांगाडा, सीएसएस हे रूप, आणि जावास्क्रिप्ट ही हालचाल. त्यावर आज चौथी गोष्ट चढते, ती म्हणजे रिअॅक्टसारखे तयार साधन. क्लासने पहिले तीन थर तीन आठवड्यांत उरकले आणि उरलेले सगळे दिवस चौथ्यावर घालविले, कारण जाहिरातीत नाव त्याचेच चालते.

हे थर एकाच वयाचे नाहीत, हे ध्यानात ठेवावे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचे पहिले पान १९९१ साली लोकांपुढे आणले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र साऱ्या जगाला विनामूल्य खुले केले. सीएसएसचे पहिले प्रमाण १९९६ चे. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आईक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत उभी केली; त्या घाईच्या खुणा तिच्यात आजही सापडतात. रिअॅक्ट मात्र फेसबुकने २०१३ साली खुले केलेले. मधल्या काळात किती साधने आली आणि गेली! एके काळी आपल्या शहरांतले क्लास मुलांना फ्लॅश शिकवीत. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार बंद केला आणि ज्यांना फक्त फ्लॅश येत होते त्यांचे हात रिकामे झाले. २०१० साली आलेल्या अँग्युलरजेएसचा आधार २०२१ अखेर संपला. याउलट १९९१ च्या त्या पहिल्या पानाची सर्नने जपलेली प्रत आजच्या फोनवरही उघडते. ज्याचा पाया पक्का आहे त्याला वरचे साधन बदलले तरी नवे हत्यार हाती बसवायला दोन-तीन महिने लागतात. ज्याला फक्त वरचे साधन येते, त्याची फी पुन्हा पहिल्यापासून.

आता कोणी म्हणेल, क्लास नको तर शिकावे कोठे? साहित्याचा तुटवडा नाही. मोझिलाचे एमडीएन हे दस्तऐवज मोफत आहेत. तिन्ही भाषांचा कोणताही शब्द अडला की तेथे पाहावा. २०१४ साली सुरू झालेले फ्रीकोडकॅम्प मोफत आहे आणि ते प्रत्येक पायरीला हाताने लिहून घेते. ओडिन प्रोजेक्ट मोफत आहे. रिअॅक्टचे स्वतःचे नवे दस्तऐवज मार्च २०२३ मध्ये आले, त्यांत फुली-गोळ्याचा खेळ बनवून धडा दिला आहे. हेलसिंकी विद्यापीठाचा फुल स्टॅक ओपन हा अभ्यासक्रमही कोणालाही मोफत करता येतो, पण तो नवशिक्यासाठी नाही. प्रोग्रॅमिंग येते असे धरूनच तो सुरू होतो. व्हिडिओंचा तर महापूर आहे, आणि तेथेच जपावे लागते. व्हिडिओ कोणत्या साली केला ते आधी पाहावे. ज्या धड्यात रिअॅक्टचे काम ‘क्रिएट रिअॅक्ट अॅप’ने सुरू करतात तो सोडून द्यावा, रिअॅक्टच्या चमूनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या कामासाठी ते बाद ठरविले आहे. लिहिण्यासाठी लागणारे व्हीएस कोड मोफत, पान जगाला दाखविण्यासाठी गिटहब पेजेस मोफत. खर्च खरा एकच, लॅपटॉपचा. ८ जीबी मेमरीचा जुना चालतो. मोबाइलवर धडा पाहता येतो, काम शिकता येत नाही. याबाबत काटकसर करू नये.

मग सगळे मोफत असताना सगळेच का शिकत नाहीत? याचे आकडे उपलब्ध आहेत. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडएक्सवर चालविलेल्या मुक्त अभ्यासक्रमांची नोंद तपासून दोन संशोधकांनी २०१९ च्या आरंभी ‘सायन्स’मध्ये लिहिले की, २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या शंभरांपैकी सुमारे तीन जणांनीच अभ्यासक्रम पुरा केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण शंभरात ४६ होते. क्लासवाले हा आकडा आनंदाने दाखवतील. आमचे मत असे की, पैसे भरल्याने कोणी शिकत नाही. ज्याने पुरे करण्याचे मनात पक्के केले आहे तो पैसेही भरतो. आणि पैसे भरूनही निम्म्याहून अधिक लोक वाटेत थांबलेच. माणसाला शेवटपर्यंत नेते ते दुसऱ्याला दिलेले वचन. कारखान्यात पोर टिकते ते उस्ताद संध्याकाळी माल पाहणार म्हणून. घरी एकट्याने शिकणाऱ्याला पुस्तक मिळते, धडा मिळतो, पण संध्याकाळी माल पाहणारा कोणी मिळत नाही. ही उणीव बापाने, चाचाने, दुकानदाराने भरून काढायची आहे. त्याला कॉम्प्युटर येण्याची गरज नाही. आपला धंदा येतो ना, तेवढे बस.

भाच्याचे पुढे काय झाले ते येथे सांगतो, म्हणजे मुद्दा उलगडेल. आम्ही त्याला मिरजेला सतारमेकर गल्लीत चाचांकडे आठवडाभर पाठविले. मिरजेचे सतारमेकर म्हणजे मूळचे शिकलगार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचे काम आटत चालले तेव्हा फरीदसाहेबांनी तंतुवाद्याकडे हात वळविला, आणि त्या घराण्यांतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडत आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हातचे हत्यार बदलण्याची गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही.

मुलगा लॅपटॉप न उघडता आठवडाभर नुसता दुकानात बसला आणि गिऱ्हाईक काय विचारते, चाचा काय उत्तर देतात ते वहीत लिहीत गेला. गाणारे पुरुष की बाई? स्वर कोणता, काळी एक की काळी चार? तारा चार, पाच की सहा? नक्षी साधी की भरीव? पेटी हवी का? कधीपर्यंत हवा? सहा तारा म्हटल्या की दांडी रुंद लागते, भाव आणि दिवस दोन्ही वाढतात. भोपळा हव्या त्या मापाचा नसेल तर पंढरपूरकडचा नवा माल येईतो वायदा देता येत नाही. बयाणा आल्याशिवाय चाचा लाकडाला हात लावीत नाहीत. या वहीच्या पानांतूनच पडदा तयार झाला. रिअॅक्टच्या दस्तऐवजांत सांगितलेली रीतही हीच आहे: आधी पडद्याचे सुटे भाग पाडा, मग हालचाल न करणारे पान उभे करा, मग बदलणारी गोष्ट नेमकी कोणती ते शोधा.

पहिला प्रयोग फसला, आणि तो फसला ते फार बरे झाले. चाचांनी चाराऐवजी सहा तारा निवडल्या. वरचा भाव बदलला, खालची एकूण रक्कम जुनीच राहिली. चाचा म्हणाले, “बेटा, वर एक भाव आणि खाली दुसरा. गिऱ्हाईक यातला कोणता धरणार?” क्लासमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नसता. मुलाने शोधले तेव्हा कळले की, त्याने भाव एका जागी साठविला होता आणि बेरीज दुसऱ्या जागी. एक बदलताना दुसरी बदलायची राहिली. या कामातले सर्वांत मोठे सूत्र त्याला त्या दिवशी समजले. साठवायचे ते फक्त गिऱ्हाइकाने केलेली निवड. रिअॅक्टच्या भाषेत ती ‘स्टेट’. भाव, बेरीज, वायद्याची तारीख या साठवायच्या नाहीतच, त्या निवडीवरून दर वेळी नव्याने मोजायच्या. आमच्या वाचकांना हे समजायला कठीण नाही. एकच व्यवहार दोन वह्यांत हाताने लिहिला की एके दिवशी दोन्हींचा मेळ चुकतो. मूळ नोंद एकच असावी, बाकीचे तिच्यावरून काढावे.

दुसरी खोट चाचांच्या डोळ्यांनी पकडली. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे मुलाला सुंदर वाटत होती, चाचांना ती दिसतच नव्हती. वेबच्या सुगम्यतेचे जे प्रमाण आहे त्यात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक ठेवा असे सांगितले आहे. मुलाने हा नियम वाचला होता, पण पाळला तो चाचांनी चष्मा पुसला तेव्हा.

तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिले आहे का? घोडीचा माथा कानसीने जरा घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. ती कान मागते, पाहून येत नाही. वेबच्या कामात त्या कानसीच्या जागी ब्राउझरच्या आतले तपासणीचे साधन आहे. कॉम्प्युटरवर एफ१२ दाबले की उघडते. पानाचा प्रत्येक भाग तेथे सुटा दिसतो, चूक कोठे झाली ते लाल अक्षरांत येते. लाल अक्षरे पाहून जो घाबरून धडा बंद करतो त्याचे शिक्षण तेथेच थांबते. रोज रात्री दोन तास असे करीत अकरा महिने गेले. त्यातले पहिले पाच महिने मुलाने रिअॅक्टला हातही लावला नाही. तेच पान आधी साध्या जावास्क्रिप्टने केले. एकदा हाताने केल्यावर यंत्र कशासाठी आहे ते समजते.

मराठी आणि उर्दू माध्यमातल्या मुलांचे पालक इंग्रजीचे भय बाळगतात. भय खोटे नाही, पण मोठे करून पाहिले जाते. भाषेतले ठरलेले शब्द थोडे आहेत आणि रोजच्या कामाने ते हाती बसतात. कठीण जाते ते चुकीचा निरोप वाचणे, आणि तेही सरावाने येते. उलट आपल्या मुलांकडे एक गोष्ट अशी आहे जी पुष्कळांकडे नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. पानाला दिशेची एक सूचना दिली की मजकूर वळतो, पण बाण, पेटीतले अंतर, यादीची खूण, रकमेचे आकडे हे सगळे जागेवर आले की नाही हे उर्दू वाचणाऱ्यालाच कळते. हीच गोष्ट अरबीची, आणि आखाती देशांत अरबी-इंग्रजी दुहेरी पानांशिवाय दुकान चालत नाही. मराठीतले जोडाक्षर कोठे तुटले हे जसे मराठी वाचणाऱ्याला दिसते तसेच हे.

मुलींच्या बाबतीत तर स्वतःच्या गतीने शिकण्याची ही रीत फारच सोयीची आहे. लांबचा क्लास, परतीची वेळ, या कारणांवरून किती हुशार मुली घरी बसल्या आहेत ते प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. पण ‘घरातच तर आहे’ म्हणून तिला दर दहा मिनिटांनी चहा टाकायला उठविणार असाल तर दोन तासांचा अभ्यास वीस मिनिटांचाही होत नाही. तिची वेळ ही कामाची वेळ आहे असे घरातल्यांनी मानले पाहिजे, आणि हे प्रथम पुरुषांनी मानले पाहिजे.

आता एक अवघड प्रश्न. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि आता सांगितले की यंत्रच पडदा लिहून देते. मग एवढे कष्ट कशाला? आम्ही येथे गोड बोलणार नाही. नवशिक्याला जी बारीकसारीक कामे पूर्वी मिळत त्यांतली पुष्कळ आता यंत्र करते, आणि शिकलास की नोकरी ठेवलेली आहे असे जो सांगतो तो फसवितो. पण यंत्राने लिहिलेले पानही वर एक भाव आणि खाली दुसरा दाखवू शकते, आणि ते का झाले हे सांगायला आत पाहता येणारा माणूसच लागतो. शिकताना यंत्राला ‘समजावून सांग’ म्हणावे, ‘करून दे’ म्हणू नये. ज्याने पहिल्या दिवसापासून करून घेतले, त्याची अवस्था आमच्या भाच्याच्या क्लासमधल्यासारखी होते, फक्त सरांच्या जागी यंत्र येते. आणि नोकरीचा भरवसा नाही म्हणूनच घरच्या धंद्याचे काम आधी करावे असे आमचे म्हणणे आहे. नोकरी मिळाली तर उत्तम. न मिळाली तरी दुकानाचे पान दुकानाला राहते, आणि मोठ्या बाजारवाल्यांना प्रत्येक विक्रीवर जे कमिशन द्यावे लागते त्यातले काही तरी वाचते.

दुकानदार बांधवांनी मात्र हे काम फुकट करून घेऊ नये. पोरगे घरचे असले तरी वायदा लिहून घ्यावा, मुदत ठरवावी, आणि काम पुरे झाल्यावर, थोडी का होईना, रक्कम हातात द्यावी. चाचांनी भाच्याला पैसे दिले ते मोजून, रुमालात बांधून, सगळ्यांदेखत. पान आता चालू आहे. गाणाऱ्यांचे फोन पूर्वीसारखेच येतात, पण स्वर, तारा आणि पेटी हे प्रश्न आधीच सुटलेले असतात, त्यामुळे बोलणे थेट लाकडावर आणि वायद्यावर येते. उर्दू पान अजून व्हायचे आहे. वायद्याची तारीख त्यात उलटी पडते, आणि ती सरळ होईतो चाचा बाकीची रक्कम देणार नाहीत.